पत्त्याचा रकाना

बाई कचेरीत आल्या की पंखासुद्धा जरा हळू फिरतो, असं दप्तरी म्हणायचा. अर्थात बाईंच्या माघारी. तोंडावर म्हणायची कोणाची बिशाद!

बाई म्हणजे शब्दकोशाच्या मुख्य संपादक. इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि ते मुळात आले कुठून, हे सगळं सांगणारा जाडजूड कोश आपल्या भाषेत करायचं काम गेली बारा वर्षं चाललेलं होतं आणि गाडी कशीबशी 'एच' या अक्षरापर्यंत आली होती. लोक चेष्टा करायचे. 'झेड'ला पोचेपर्यंत इंग्रजी बोलणारं कोणी उरेल का, म्हणून विचारायचे. बाई म्हणायच्या, "घाई असेल त्यांनी हातवारे करावेत."

कामाची रीत अशी होती. दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात यायची, की सध्या अमुक अक्षराचं काम चालू आहे, त्या अक्षराचा शब्द कुठे वाचला-ऐकला असेल तर कार्डावर लिहून कोणीही पाठवावा. कोरी कार्डं कुठल्याही टपाल कचेरीत मिळायची. त्यावर छापील रकाने असायचे: शब्द, त्याचा अर्थ, कुठे वाचला किंवा कोणाच्या तोंडून ऐकला, आणि सगळ्यात खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. एका शब्दाला तीन कार्डं लागायची. त्यातलं निदान एक पुस्तकातलं नाही, जिवंत माणसाच्या तोंडचं हवं. तीन नाहीत तर शब्द कोशात नाही.

आणखी एक नियम बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दप्तरीच्या टेबलामागे भिंतीला चिकटवला होता. पत्ता नसलेले कार्ड विचारात घेऊ नये. त्याला कारणही तसंच घडलं होतं. दुसऱ्याच वर्षी कोणा टवाळाने मनचे शब्द रचून पाठवले आणि त्यातले दोन थेट छपाईपर्यंत पोचले. बाईंची अब्रू थोडक्यात वाचली. तेव्हापासून टपाल आलं की दप्तरी आधी खालचा रकाना बघायचा. पत्ता नाही? निनावी. निनावी कार्डं वर्षाअखेर रद्दीत.

तर अशा या बाई, ज्या दिवसाला तीस शब्द हातावेगळे करायच्या, त्या एका शब्दापाशी तीन आठवडे अडून बसल्या होत्या. शब्द होता 'होबो'. छापखान्याला शुक्रवारपर्यंत पानं हवी होती आणि सोमवार उजाडला होता.

अर्थ काही अवघड नव्हता. घरदार नसलेला, गावोगाव फिरणारा माणूस. पण नुसता भटक्या नव्हे हं. भटक्यांना इंग्रजीत शब्द भरपूर आहेत. होबो फिरतो तो कामासाठी. कुठे कापणी असेल तिथे कापणी, कुठे रस्ता होत असेल तिथे खडी. काम संपलं की पुढचं गाव. बाईंनी अर्थ लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. "कामाच्या शोधात फिरणारा बेघर इसम." वाचून बघितलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. इसम म्हणे! पोलीस चौकी आहे का ही?

खरं सांगायचं तर शब्दाचा दोष नव्हता. तसला एक इसम बाईंच्या घरातलाच होता. त्यांचा दादा.

दादा त्यांच्याहून सात वर्षांनी मोठा. सोळाव्या वर्षी वडिलांशी वाजलं आणि तो बागेत फळं उतरवायच्या कामाला म्हणून जो गेला, त्याला फिरायची चटकच लागली. मग कधी वीटभट्टी, कधी बंदरावर गोण्या, कधी पुलाचं काम. कुठे पाय ठरायचा नाही. वर्षातून एकदा उगवायचा, काळाठिक्कर पडलेला, खिशातून आईसाठी कसली तरी गंमत काढायचा आणि धाकट्या बहिणीला म्हणायचा, "काय टाचणे, किती जणांना टोचलंस?" कारण ही लहानपणापासून अशीच. काडीसारखी आणि सगळ्यांचे शब्द सुधारणारी. आई म्हणायची, "दोन दिवस राहा रे." तो चार दिवस राहायचा आणि पाचव्या दिवशी सकाळी अंथरूण घडी घातलेलं दिसायचं.

मग अकरा वर्षांपूर्वी आई गेली. आठ दिवस आजारी होती आणि आठही दिवस दाराकडे बघत होती. बाईंनी शेवटच्या ठाऊक असलेल्या वीटभट्टीवर तार केली, ती परत आली. दादा उगवला तो तीन आठवड्यांनी, हसत, हातात सफरचंदांची पिशवी. "आई, बघ काय आणलंय," म्हणत थेट स्वयंपाकघरात गेला.

बाई तिथेच उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. "तार कुठे करायची होती तुला? झाडाला? आई दाराकडे बघत गेली रे!" दादा पिशवी धरून नुसता उभा. बाईंचं तरी संपलं नाही. "ज्याला पत्ता नाही त्याचं मला पत्रही नको आणि तोंडही नको. पत्ता असेल तेव्हा ये."

दादाने पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला. सफरचंदं तिथेच सडली. बाईंनी ती खाल्ली नाहीत, फेकायलाही आठवडा लावला.

तेव्हापासून काही म्हणता काही खबर नाही. बाईंनीही नाव काढलं नाही. पण एक गोष्ट शेजारीपाजारी सगळे बघत होते. तिसऱ्या मजल्यावरचं तेच जुनं घर बाई सोडत नव्हत्या. कचेरी दीड तासावर, जिने चढून गुडघे बोलायला लागलेले, तरी नाही. शेजारीण म्हणायची, "बाई, तिकडे जवळ घ्या ना एखादी खोली." बाई म्हणायच्या, "उजेड चांगला आहे इथे." कसला उजेड! घराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. दादाला दुसरं घर सापडणार नाही, एवढंच खरं कारण होतं, आणि ते बाईंनी मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं.

सोमवारी दुपारी त्यांनी दप्तरीला हाक मारली. "होबोची दोनच कार्डं आहेत. दोन्ही पुस्तकातली. तोंडचं नाहीच का आलं?"

दप्तरी दारात उभा राहून चष्मा पुसायला लागला. तो चष्मा पुसतो तेव्हा काहीतरी लपवतो, हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. "रागावणार नसाल तर सांगतो."

"रागावणारच आहे. सांगा."

"निनावीत एक आहे."

"निनावी गेल्या वर्षीच रद्दीत गेली असतील."

"सगळी गेली, बाई. पण एका माणसाची मी नाही टाकली." मग त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. पहिल्यापासून एक जण कार्डं पाठवत होता. दर खेपेला वेगळ्या गावचा शिक्का, अक्षर सुबक, नाव नाही, पत्ता नाही. कार्डाच्या पाठीमागे मात्र गमतीजमती लिहिलेल्या. दप्तरी जेवणाच्या सुट्टीत वाचायचा आणि एकटाच हसायचा. टाकवेना, म्हणून बिस्किटांच्या डब्यात ठेवत गेला. "मोठा वल्ली आहे हो. कोणा टाचणीला लिहितो. असेल बापड्याची कोणीतरी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. दप्तरीला वाटलं, आता आपली खैर नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "डबा आणा."

आपल्या या बाईंना कधीकाळी कोणी टाचणी म्हणत असेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

डब्यात सत्तेचाळीस कार्डं होती, तारखेप्रमाणे लावलेली. अक्षर दादाचं होतं. वडिलांनी छडी हातात घेऊन गिरवून घेतलेलं, प्रत्येक काना काठीसारखा सरळ. बाईंनी दार लावून घेतलं.

पहिल्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं होतं, "टाचणे, तुझ्या दारात पत्र टाकायची मला बंदी. पण इथे 'कोणीही पाठवावा' असं छापलंय. मी कोणीही आहेच. म्हणून हा शब्द." पुढच्या बाजूला अगदी नियमाने शब्द, अर्थ, कोणाकडून ऐकला ते. खालचा रकाना कोरा.

मग अक्षरामागून अक्षर. जाहिरातीत जे अक्षर यायचं, त्याचाच शब्द तो पाठवायचा. 'कॅम्प' हा पुलाच्या कामावरून आला होता. "इथला मुकादम मला मास्तर म्हणतो, कारण मी त्याची पत्रं लिहितो. चूक काढली की चिडतो. तुझी आठवण येते." 'फेरी' नदीकाठून आला होता. "आईला नावेत बसायची भीती वाटायची, आठवतं? मी रोज चार खेपा करतो आणि प्रत्येक खेपेला तिला चिडवतो." एका कार्डावर नुसतंच, "आज तिचा दिवस. सफरचंदं पुन्हा कधी खाल्ली नाहीत." बाईंनी ते कार्ड उलटं ठेवलं आणि बराच वेळ पुढचं उचललं नाही.

होबोचं कार्ड शेवटून तिसरं होतं. बागेत शिडी धरणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून त्याने तो शब्द ऐकला होता. अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं, "फिरतो आणि काम करतो तो होबो. फिरतो पण काम टाळतो तो ट्रॅम्प. फिरतही नाही आणि कामही करत नाही तो बम. म्हाताऱ्याला या तिघांत गल्लत केलेली खपत नाही." खाली मुळाबद्दल होतं. "कोणी म्हणतं, 'हो' म्हणजे कुदळ, ती खांद्यावर टाकून शेतोशेत फिरणाऱ्या मजुरांवरून आला. कोणी म्हणतं, रेल्वेत टपालाच्या थैल्या फेकताना एकमेकांना मारायच्या 'हो, बॉय' या हाकेवरून. कोणी म्हणतं, लढाई संपल्यावर 'होमवर्ड बाउंड', म्हणजे घराकडे चालत निघालेल्या शिपायांवरून. म्हातारा म्हणतो, सगळे ठोकून देतात, खरं कोणालाच ठाऊक नाही." आणि पाठीवर, "टाचणे, यातलं घराकडे निघालेल्या शिपायांचं मला आवडलं. खोटं असेल, तरी."

बाई रडल्या. तोंडात पदर कोंबून, कचेरीत ऐकू जाऊ नये म्हणून. अकरा वर्षं तो बोलत होता आणि त्या भिंतीपलीकडे बसून दुसऱ्यांचे शब्द तपासत होत्या. जिवंत आहे, एवढंच त्यांना कळत होतं. कुठल्यातरी बागेत, कुठल्यातरी शिडीवर असेल. शोधता येईल. हात धरून आणता येईल. मग त्यांनी सगळ्यात शेवटचं कार्ड उचललं.

शब्द होता 'हॉस्पिटल'. अक्षर थोडं थरथरलेलं. आणि खालचा रकाना, पहिल्यांदाच, भरलेला होता. बंदराच्या गावचं सरकारी रुग्णालय, वॉर्ड सहा, खाट चौदा. पाठीवर एकच ओळ. "टाचणे, पत्ता मिळाला."

तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती.

आणि बाईंना आठवलं. त्या पानं तपासत होत्या, मान वर न करता. दप्तरी दारात आला होता. "बाई, एका कार्डावर पत्ता म्हणून वॉर्ड आणि खाट लिहिलीय. चालेल का?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "खाट म्हणजे काय पत्ता झाला? आज एकाची, उद्या दुसऱ्याची. टाका निनावीत."

दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली बस त्यांनी धरली. चार तासांचा रस्ता. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने विचारलं, कोणाकडे निघालात. "भावाकडे," बाई म्हणाल्या. किती वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला होता. पाच महिने म्हणजे काही फार नाहीत, असं त्या स्वतःला समजावत होत्या. बरा होऊन पुढच्या गावी गेला असेल. त्याचा पाय कुठे ठरतो!

वॉर्ड सहा लांबलचक होता, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, भिंतीवर रंगाने घातलेले आकडे. चौदाव्या खाटेवर एक तरुण माणूस पायाला पट्टी बांधून झोपला होता. बाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तो ओशाळून म्हणाला, "कोण पाहिजे, मावशी?"

पन्नाशीची एक नर्स हातातला ट्रे खाली ठेवून आली. बाईंनी दादाचं नाव सांगितलं, दिवस सांगितला. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

नर्सने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "टाचणी?"

बाईंनी नुसती मान हलवली. नर्सने स्टूल ओढून त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. मग हळूहळू सांगितलं. छातीत पाणी झालं होतं, आले तेव्हाच उशीर झालेला. पण काय माणूस होता! वॉर्डभर सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचे, चुका काढून जीव नकोसा करायचे. "चार वाजले, भेटायची वेळ झाली, की केस विंचरून उशी टेकून बसायचे. मी विचारायचे, कोण येणार आहे? म्हणायचे, बहीण. मी पत्ता कळवलाय तिला, आता ती येणारच. एकोणीस दिवस बसले तसे."

"आणि?"

"विसाव्या दिवशी सकाळी गेले. झोपेतच. त्रास नाही झाला हो." नर्स थांबली. "कोणी आलं नाही, मग इथल्याच लोकांनी सगळं केलं."

"मला का नाही कळवलं?" बाईंचा आवाज चढला. वॉर्डातली चारदोन डोकी वळली. "माणसं आहात का कोण आहात? एक ओळ लिहायला काय जात होतं?"

नर्स रागावली नाही. तिने टेबलाच्या खणातून भरतीची वही काढली आणि पान उघडून पुढे ठेवलं. दादाचं नाव. वय. आजार. नातेवाइकाचा पत्ता. त्या रकान्यात दादाच्या अक्षरात काहीतरी लिहून वर दोन रेघा मारल्या होत्या. रेघा सरळ होत्या, खालचं सगळं वाचता येत होतं. घराचा क्रमांक. तिसरा मजला. डावीकडचं दार.

"रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून मीच मागे लागले होते," नर्स म्हणाली. "त्यांनी हे लिहिलं, बघत राहिले आणि खोडलं. म्हणाले, चुकून लिहिलं, हा तिचा पत्ता, माझा नाही. तिथे विचारल्याशिवाय काही पाठवू नका, तिला आवडायचं नाही. मी किती सांगितलं, पण तुमचे भाऊ म्हणजे..."

"हट्टी," बाई म्हणाल्या.

"हो. हट्टी."

सामान म्हणून एक कापडी पिशवी होती. कपडे दुसऱ्यांना देऊन टाकले होते. पिशवीत पेन्सिलीचा बोटभर तुकडा होता, एक कंगवा आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा.

बुधवारी बाई वेळेवर कचेरीत आल्या. डोळे सुजलेले होते, पण विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी डबा टेबलावर घेतला, पेन उघडलं आणि पहिल्या कार्डापासून लिहायला बसल्या. नावाच्या रकान्यात दादाचं पूर्ण नाव. पत्त्याच्या रकान्यात घराचा क्रमांक, तिसरा मजला, डावीकडचं दार. एक झालं की दुसरं. दप्तरी चहा घेऊन आला, त्याने बघितलं, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याला बसायला खुर्ची सापडेना. तो तसाच कप हातात धरून उभा राहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "एवढं हाताने कशाला? शिक्का करून आणू का पत्त्याचा?"

"नको. हातानेच लिहिते."

दुपारपर्यंत लिहीत होत्या. एकेक कार्ड झालं की दप्तरी ते उचलायचा, नियमाप्रमाणे खालचा रकाना तपासायचा आणि स्वीकृत खणात ठेवायचा. होबोच्या नोंदीला तिसरं कार्ड मिळालं. अर्थाच्या जागी बाईंनी दादाने लिहिलेलंच उतरवलं, इसम काढून टाकला. मूळ कुठलं, या रकान्यात तिन्ही अंदाज दिले, शिपायांचा सगळ्यात आधी, आणि शेवटी लिहिलं, खरे मूळ अज्ञात.

शेवटचं कार्ड उरलं. हॉस्पिटलचं. बाईंनी त्यावर फक्त नाव घातलं, पेन मिटलं आणि ते दप्तरीच्या हातात दिलं. त्याने सवयीने खाली बघितलं. वॉर्ड सहा, खाट चौदा. तो घुटमळला, एकदा भिंतीवरच्या नियमाकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

"इथे घरचा पत्ता घालायचा राहिला, बाई."

"राहिला नाही," बाई म्हणाल्या. "या कार्डाला पत्ता होता. तुम्ही मला विचारायला आला होतात."

दप्तरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढायचंही त्याला सुचलं नाही. "पुन्हा विचारू का, बाई?"

बाईंनी होकाराची मान डोलावली. त्याने कार्ड दोन्ही हातांत धरलं, दारापर्यंत गेला, तिथून वळला आणि पाच महिन्यांपूर्वी विचारलं होतं तसंच विचारलं, "बाई, एका कार्डावर पत्ता म्हणून वॉर्ड आणि खाट लिहिलीय. चालेल का?"

या खेपेला बाईंनी मान वर केली. "चालेल," त्या म्हणाल्या. "आमचा दादा आहे तो."